गुंडाळलेला रंग

"मूळ रंग कोणता?" त्वचेच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी रंगांची पट्टी रेवतीपुढे सरकवली.

रेवतीला तो ठाऊकच नव्हता. पुढे स्थळं यायला अडचण नको, म्हणून तिच्या बाबांनी, हरेश्वरने, तिला दोन वर्षांची असतानाच इंजेक्शन देऊन आणलं होतं. त्यातल्या प्रथिनांनी तिच्या पेशींमधला काळेपणाच्या जनुकाचा धागा असा घट्ट गुंडाळून टाकला, की पेशींना तो वाचताच येईना. आज रेवती ती गुंडाळी सोडवून घ्यायला आली होती. बाबांना तिनेच सोबत आणलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

"लोक इथे गोरं व्हायला येतात हो," बाई म्हणाल्या.

हरेश्वर मान खाली घालून बसला. भर उन्हाळ्यातही तो लांब बाह्यांचा शर्ट घालायचा आणि लेकीसोबतच्या प्रत्येक फोटोत हात पाठीमागे धरायचा.

रेवतीने त्याचा हात उचलून काउंटरवर ठेवला, मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली.

"पट्टी नको. हा बघून लिहा."

बाई चष्मा सावरून वाकल्या. हरेश्वरने सवयीने हात मागे ओढला.

"बाबा," रेवती हळूच म्हणाली, "आज तरी राहू द्या."