झाकणाचं माप

"याहून लहान नाही का?" नेरिडा हॉबने विचारलं.

लॉरी पॅस्को शिडीवरून वाकला. नव्या पत्र्याच्या टाकीचं गोल झाकण त्याने बाजूला सरकवलं. "हेच सगळ्यात लहान. माणसाला आत उतरून गाळ काढता यायला नको का?"

"नको."

तो उतरल्यावर ती शिडी चढून वर गेली. कोटाच्या खिशातून तिने दोन गाठी मारलेली सुतळी काढली आणि टाकीच्या तोंडावर आडवी धरली. दोन्ही गाठी आरामात आत मावल्या.

"मोठं आहे," ती म्हणाली आणि सुतळी गुंडाळू लागली.

सकाळपासूनचा हा चौथा कारखाना. आधीच्या तिघांनी तिला वाटेला लावलं होतं, एक तर तोंडावर हसला होता. पुढे रस्त्याला नुसती गव्हाची शेतं, टाक्या करणारा कुणी नव्हता.

वॉराबीलच्या डोंगरावर, नेरिडाने नवं घर बांधलं होतं तिथे, सरकारी नळ कधी पोचलाच नाही. छपरावर पडेल ते पाणी आपलं. टाकी नाही तर घर असून नसल्यासारखं. सून शेलीने फोनवर साफ सांगितलं होतं, घरात पाणी आल्याशिवाय मी टिलीला घेऊन येणार नाही. शुक्रवारपर्यंत नाही झालं, तर पोरीचं नाव शहरातल्या शाळेत. टिली पाच वर्षांची. नेरिडाने नातीला दीड वर्ष पाहिलं नव्हतं.

"प्लास्टिकची घ्या मग," लॉरी म्हणाला. "पाहिजे तसं तोंड मिळेल. वणवा आला की लोण्यासारखी वितळेल, तो भाग वेगळा."

"पत्र्याचीच हवी. आग विझवायला पाणी उरायला हवं."

"आता कसं शहाण्यासारखं बोललात. बसवायला घरात कुणी आहे ना?"

"ते सगळं ग्लेन बघायचा. माझा मुलगा."

"गेला वाटतं शहरात. सगळी तिकडेच पळतात."

नेरिडा शिडी उतरली. लॉरीने तिला आत नेलं आणि चहाचा मग पुढे ठेवला. भिंतीवर एक फोटो होता. तो दाखवल्याशिवाय लॉरी गिऱ्हाइकाला सोडत नसे.

"हे बघा. चहूकडे राख, घराचं नुसतं धुराडं उरलंय, आणि माझी टाकी उभी. आमच्या एजंटाने पाठवला. घर कुणाचं होतं देव जाणे. टेकवलेली शिडीसुद्धा तशीच. आतलं पाणी उकळलं असेल, पण झाकण जागचं हललं नाही."

नेरिडा बघत राहिली. चहा निवून गेला.

"शिडीची तिसरी पायरी वाकलेली आहे," ती म्हणाली.

लॉरीने चष्मा लावून पाहिलं. त्याला काही दिसेना. "डोळे तल्लख आहेत हो तुमचे," तो म्हणाला.

ती पुन्हा बाहेर टाकीपाशी गेली. पाणी कुठवर आहे ते पाहायला तिकडे लोक बोटांनी टाकी ठोकतात, तशी तिने ती खालून वर ठोकली. मग पत्र्याला कान लावला आणि तशीच थांबली.

"रिकामी आहे ती," लॉरी हसला. "आतून ओ देणार आहे का कुणी?"

ती दचकून मागे झाली. तिचा चेहरा पाहून लॉरीला आपलं हसू नकोसं वाटलं.

"नातीची काळजी वाटते ना?" तो नरमाईने म्हणाला. "कुलूप लावून देतो. किल्ली तुमच्यापाशी."

"कुलूप तोडता येतं. घाईत माणूस काहीही तोडतो." तिने त्याची बाही धरली. "एवढं करा, लॉरी. आता आणखी कुठे जाऊ मी?"

लॉरीने मान खाजवली. तीस वर्षांत असलं काम त्याने केलं नव्हतं. पण म्हातारीला रिकाम्या हाताने परत पाठवणं त्याच्याच्याने होईना.

"बरं. वीतभर तोंड ठेवतो. गाळ नळीने ओढून काढा. गुरुवारी टाकी तुमच्या दारात."

तिने डोळे पुसले. मापासाठी त्याने तिच्या हातातली सुतळी घेतली, ताणून धरली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पाच वर्षांची ना पोर? मग या गाठी एवढ्या लांब कशा?"

"ते माप टिलीचं नाही, तिच्या बापाच्या खांद्यांचं आहे." तिने उघड्या दारातून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "तुमच्या टाकीला खरंच काही झालं नाही, लॉरी. आणि ते झाकण ग्लेनने आतून ओढून घेतलं होतं."