सागवनातला तितर

तपासणीला आलेल्या सुलक्षणाच्या हातातल्या यंत्राने सागवनात आवाजांवरून एकेचाळीस जातींचे पक्षी मोजले होते, आणि तिला एकही दिसत नव्हता. एकाच रोपाच्या पेशींतून वाढवलेली लाखभर झाडं एका उंचीची होती. खाली गवताचं पातं नव्हतं, मातीत मुंगी नव्हती. मग हे पक्षी खातात तरी काय?

"यंत्रावरही संशय, मॅडम?" कंपनीचे देवस्थळी हसले. "जिवंत जंगलाचा दाखला देऊन टाका. मग पलीकडच्या माळावरही हेच लावू."

तिने त्या माळावरच्या सुरमल नावाच्या म्हाताऱ्या पारध्याला सोबत आणलं होतं. तो उकिडवा बसला आणि त्याने तितराची हुबेहूब साद घातली. झाडांतून लगेच उत्तर आलं.

"घ्या, तितर!" देवस्थळी म्हणाले.

"तितर असता तर भांडायला धावत आला असता, सायेब."

सुरमलने पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर आलं, त्याच जागेवरून. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. तो उठला, आवाजाच्या झाडापाशी गेला आणि खोडात बसवलेल्या बारीक भोंग्याला त्याने कान लावला.

"ताई, हा माझा बाप हाय. दात पडल्यावर त्याची शीळ शेवटाला अशीच फाटायची. तो माळावर साद घालत होता, तवा शहरातली माणसं झुडपाआडून आवाज भरून घेऊन गेली. त्यांना वाटलं, तितरच."



"दाखला मिळणार नाही," सुलक्षणा म्हणाली. "आणि साद ऐकली की वाजणारे हे भोंगे आजच उतरवा."

"उतरवा," सुरमल म्हणाला. "पण आधी मला त्याला अजून एकदा बोलवू द्या."