तयार झालेल्या पेशी

प्रतिक्षा डोंगरकडा गावी रत्नपालच्या घरी पोचली तेव्हा अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातली होती. मुंबईच्या दवाखान्यात ती नव्या उपचाराच्या चाचणीचं काम बघायची. फोनवर विचारणं तिला जमलं नव्हतं, म्हणून ती स्वतः आली होती.

रत्नपालने खुर्ची दिली. त्याची बायको ज्योती उंबऱ्यातच बसली.

त्यांच्या मुलीच्या, आरोहीच्या पोटातली गाठ हाडांपर्यंत गेली होती. तिच्या रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत तिच्याच अंगात सोडायच्या, असं ठरलं होतं. तयार व्हायला महिना लागणार होता. आरोही चोविसाव्या दिवशी गेली. नऊ वर्षांची होती.

"पेशी नंतर तयार झाल्या," प्रतिक्षा म्हणाली. "आमच्याकडे गोठवून ठेवल्यात. नष्ट करायच्या की संशोधनाला द्यायच्या, ते तुम्ही सांगायचं."

"नष्ट करा," रत्नपाल म्हणाला. "आता आमाला आणखी तकलीफ नको."

"थांबा," ज्योती म्हणाली. "मॅडम, त्या जित्त्या हाईत का?"

प्रतिक्षाने मान डोलावली. "हो, ताई. बाहेर काढून ऊब दिली की काम करायला लागतात."

"मंग दुसऱ्या लेकराला द्या की. त्या वॉर्डात किती लेकरं व्हती."

"दुसऱ्याला नाही चालत. त्या फक्त आरोहीसाठी होत्या."

रत्नपाल उठून अंगणात गेला. वाळत घातलेली हळद हाताने उगाच खालीवर करू लागला.

"संशोधनात काय करता?" ज्योतीने विचारलं.

"काचेच्या भांड्यात गाठीच्या पेशींसोबत ठेवतो. आरोहीच्या पेशी त्यांना मारतात का, ते बघतो."

"म्हंजे तिची गाठ गेली असती का, ते कळंल?"

"पक्कं नाही सांगता येणार. अंदाज येईल."

"काहून इचारून राहिली?" रत्नपाल अंगणातून ओरडला. "गेली असती म्हणले, तर जगशील कशी?"

"न कळताबी जगूनच राहिले ना," ज्योती म्हणाली.

मग रत्नपाल आत आला. दोघांच्याही सह्या लागणार होत्या. पिवळे हात त्याने धोतराला पुसले, संशोधनाच्या कागदावर न वाचता सही केली आणि पेन बायकोच्या हातात देऊन शेताकडे निघून गेला.

ज्योतीने सावकाश, एकेक अक्षर जोडून नाव लिहिलं. कागद परत देताना ती म्हणाली, "तुमच्याकडं ह्यांचा नंबर हाय. तो खोडा. माझा घ्या."

असा निकाल घरच्यांना कळवायचा नियम नव्हता. प्रतिक्षाने नंबर लिहून घेतला.

"दुपारच्याला फोन करा," ज्योती म्हणाली. "तवा मी घरात एकटी असते."