छत्तीस पट्ट्या

टेबलावर छत्तीस पट्ट्या होत्या. पांढऱ्या कागदाच्या, बोटभर लांब, तीन-तीनचे बारा संच. प्रत्येक संचात दोन पट्ट्या मोगऱ्याच्या चांगल्या अर्कात बुडवलेल्या आणि एक परत आलेल्या ड्रममधल्या मोगऱ्यात. वेगळी कोणती, ते नाकाने ओळखायचं. पट्ट्या रंभाताईंच्या हाताखालच्या संचिताने तयार केल्या होत्या. उत्तरं पाकिटात बंद करून ती बाहेर गेली होती. पंखा बंद, खिडक्या बंद. खोलीत दोनच माणसं, रंभाताई आणि त्यांचा साहेब विनीत.

रंभाताईंनी पहिला संच ओढला. एकोणीस वर्षं या कारखान्यातला प्रत्येक सुगंध त्यांच्या नाकाखालून गेला होता. त्यांनी ‘चालेल’ म्हटलं की ड्रमला बूच लागायचं. असाच एक ‘चालेल’ म्हटलेला मोगरा गेल्या आठवड्यात टिटवाळ्याच्या अगरबत्तीवाल्याने परत धाडला. करपट वास येतो म्हणाला.

त्यांनी पट्टी नाकाशी धरली. काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीही तशीच. जूनमधल्या तापापासून त्या संचिताच्या चेहऱ्यावर काम निभावत होत्या. पट्टी भिजवताना पोरीने नाक मुरडलं की ड्रम बाजूला. आज समोर संचिता नव्हती.

“तिसरी,” त्या म्हणाल्या. विनीतने लिहून घेतलं.

दुसऱ्या संचाला त्या “पहिली” म्हणाल्या. त्याने तेही लिहिलं. तिसरा संच हातात घेतल्यावर त्यांनी हळूच त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघून काही नाही कळणार, ताई,” तो म्हणाला. “मलाच यातलं कळत नाही.”

त्याने फायलीतून एक कागद काढून पुढे सरकवला. परत आलेल्या मालाचा अहवाल होता. ‘कारण’ या शब्दापुढे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, मी वास न घेता सही केली, दोन वर्षं अशीच करत आलो. त्यापुढे सही आणि आजची तारीख. खालची ओळ कोरी होती.

रंभाताईंनी ते दोनदा वाचलं. असल्या कागदावर साहेबाने स्वतःचं नाव घातलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. दिवाळीआधी वरच्या साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मनमोकळं बोला म्हणून सांगितलं होतं. पॅकिंगमधला सुमित ओव्हरटाइमबद्दल बोलला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला ट्रकमधला माल उतरवायला लावलं. पोरं अजून हसायची, सुमितने मन मोकळं केलं, आता ट्रक मोकळे करतोय.

हे वर पाठवणार का, त्यांनी विचारलं. संध्याकाळी पाठवतोय, तो म्हणाला. तुम्ही काही बोललात तरी आणि नाही बोललात तरी.

मग पेनाशी चाळा करत तो म्हणाला, “मंगळवारी गेटबाहेर इतका उग्र वास सुटलेला, सगळे रुमाल नाकाला लावून आले. तुम्ही डबा हलवत निवांत आलात. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. धीर नाही झाला.”

सर्दी होती, असं म्हणता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलाही. निवृत्तीला चार वर्षं होती, आणि वास न येणाऱ्या बाईला या खोलीत कोण बसवणार?

“मला वास येत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “जूनपासून. घरीपण कुणाला माहीत नाही. वर्तकनगरला लेकीकडे जाते, नातवाच्या टाळूला नाक लावते. ती म्हणते, कसा दुधाचा वास येतो ना, आई. मी म्हणते, हो गं, येतो.”

विनीतने कागद आपल्याकडे ओढला. कोऱ्या ओळीत काय लिहू ते तुम्ही सांगा, एवढंच म्हणाला. रंभाताईंनी शब्द तोलून सांगितले. तपासणाऱ्या बाईला जूनपासून वास येत नाही. तिने हे सांगितलं नाही. त्याने तसंच उतरवलं आणि पुढे आपल्या मनाने जोडलं, आम्ही विचारलं नाही.

“मला काढतील?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “उगाच नाही काढणार म्हणून सांगत नाही. वर बोलावलं की मी सोबत येईन. आणि उद्या आधी डॉक्टरकडे जा.”

रंभाताईंनी उरलेले संच मोजले. मग उठल्या आणि आपली खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“बसा. दहा संच राहिलेत, वास उडून जाईल सगळा.”

विनीत बसला. पट्टी नाकाला चिकटवून त्याने छाती भरून श्वास ओढला.

“अहो, वाफ घेताय का?” रंभाताई म्हणाल्या. “लांब धरा. सशासारखं हुंगा, थोडं थोडं. आणि मध्ये आपली बाही हुंगायची, नाक ताजं होतं.”

तो तसं करू लागला. त्या समोर उभ्या राहून त्याचा चेहरा बघत होत्या. सातव्या संचाला तो “पहिली” म्हणाला.

“नाही. दुसरीला तुमची भुवई आखडली. परत घ्या.”

त्याने परत घेतली. बाही हुंगली, पुन्हा घेतली. मग पहिली खोडून दुसरी लिहिली.

बारावा संच संपेपर्यंत संचिता चहा घेऊन आली. पाकीट तिनेच फोडलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बोटाने एकेक ओळ ताडून पाहिली.

पहिल्या दोनांपैकी शून्य. पुढच्या दहांपैकी आठ.