बाबांचं तळं

बाबांची शेवटची इच्छा एकच होती, आपल्या अस्थी आपल्याच मत्स्यतळ्यात सोडायच्या. आज सकाळी जुईने आणि आईने त्या सोडल्या. राख पाण्यावर पसरली तेव्हा इतक्या दिवसांनी आई चक्क हसली. "बघ, आता माशांवर दिवसरात्र ओरडत बसतील!"

तेवढ्यात तळाशी दडलेले यंत्रमासे सळसळत वर आले. पाण्यातला कणन् कण कचरा गिळायला बाबांनीच त्यांना शिकवलं होतं.

"अगं, बंद कर ते!" आई किंचाळली.

जुईने धावत जाऊन बटण दाबेपर्यंत पाणी नितळ होऊन तळ दिसायला लागला होता. काठावरच्या कचरापेटीत एक करडी, ओली वडी पडली आणि भोंग्यातून बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, नेहमीसारखाच खुशीत, "गेली गं घाण, जुई! तळं एकदम चकाचक!"