फाटकाबाहेरची

"नाव दे आणि जेवायला घरी जा," मागून तो म्हणाला.

माहनूश भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळ्यांवर पट्टी. प्रश्नाचा कागद पुढ्यात आला की पट्टी कागद दिसेल एवढीच वर करायची, उत्तर लिहायचं, खाली सही, सहीशेजारी अंगठा. मागच्या माणसाचं तोंड बघायचं नाही. त्याला इथे 'तज्ज्ञ' म्हणतात. कशातला तज्ज्ञ, ते विचारायचं नाही.

एकोणीस दिवस कागदावर एकच प्रश्न: 'फाटकाबाहेरची' कोण?

'फाटकाबाहेरची' हे इंटरनेटवरचं एक खातं. डोक्यावरचा रुमाल काढला म्हणून इराणातल्या रश्त शहरातली कुठली मुलगी आत गेली, कुणाला मारलं, कुणाचं औषध अडवलं, सगळं तिथे नावानिशी यायचं. अख्खं शहर वाचायचं. सरकारही वाचायचं आणि जळफळायचं.

माहनूश कायदा शिकलेली. वकिलीची सनद तिला मुद्दाम दिली नव्हती, म्हणून ती तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभी राहून कैद्यांच्या आयांना अर्ज लिहून द्यायची. खात्यावरची माहिती तिचीच होती. पण लिहिणारी ती नव्हती.

संध्याकाळी मैत्रीण यल्दा घरी यायची. मामान, भातशेतात राबणारी तिची आई, दोघींपुढे चहाचे पेले सरकवायची आणि माहनूश दिवसभराचं सांगायची. दुसऱ्या दिवशी पहाटे ते खात्यावर असायचं. यल्दाचं बाळ पाच महिन्यांचं, पहाटे उठवायचं तिला. तेव्हाच लिहीत असणार. माहनूशनं कधी विचारलं नव्हतं. कुणी कुणाला विचारायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. जे माहीत नाही ते मारूनही काढता येत नाही.

"तुला आणल्यापासून खातं गप्प आहे," तज्ज्ञ म्हणाला.

"मग उत्तर मिळालंच की तुम्हाला."

"जीभ बघा हिची! आणि आईनं भेटीच्या अर्जावर नुसता अंगठा उठवलाय. अंगठेबहाद्दर बाईच्या पोटी ही कायदेपंडित!"

माहनूशनं पेन कागदावर आडवं ठेवलं.

"ठीक आहे. उद्यापासून तुझ्या घरी येणारी एकेक बाई उचलतो. ती बाळंतीण आहे ना, तिच्यापासून सुरुवात."

माहनूशनं पट्टी वर केली. पेन उचललं. प्रश्नाखाली तिनं लिहिलं: 'मीच. एकटी. कुणाची मदत नाही.' सही केली. अंगठा शाईत बुडवून दाबून उठवला.

"पाच वर्षं," मागचा आवाज म्हणाला. "कमीत कमी."

"मोजता येतं मला."

बक्षीस म्हणून तिसऱ्या दिवशी भेट मिळाली. काचेपलीकडे मामान, डोक्यावरून घेतलेली काळी चादर हनुवटीखाली घट्ट धरलेली. दोघींच्या हातात फोन. तिसरा कान कुणाचा, दोघींनाही ठाऊक होतं.

"वाळलीस गं. काय देतात खायला?"

"डाळ. तीत डाळ शोधावी लागते."

"आणि यांना म्हणे देवाची भीती!" मामान मोठ्यानं म्हणाली. मग आवाज उतरला. "पोरी, ते जे लिहायचं कुणीतरी... ते तू लिहायचीस?"

माहनूशनं तिच्या डोळ्यांत बघितलं. आईशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. आज जमवायलाच हवं होतं.

"हो मामान. मीच. सहीही केली."

काचेवर मामानच्या श्वासाचा डाग उमटला, विरला.

"किती वर्षं?"

"पाच."

"तुझ्या खुशीनं?"

"कुणी हात धरला नव्हता माझा. तू रडू नकोस. मशिदीतल्या बायकांच्या अक्षरओळखीच्या वर्गाला जात जा, तेवढंच मन रमेल."

"तो वर्ग केव्हाच संपला," मामान म्हणाली. "शिकवायचं ते शिकवून झालं त्यांचं."

वेळ संपल्याची शिटी झाली. मामाननं फोन ठेवला. रडली नाही.

दोन दिवसांनी माहनूशला पुन्हा भिंतीपुढे बसवलं. तज्ज्ञ बराच वेळ नुसता येरझारा घालत होता.

"आज पहाटे 'फाटकाबाहेरची' बोलली," तो म्हणाला आणि दातओठ खात वाचू लागला. "'चुकीची बाई धरलीत. निर्दोष आहे, सोडतील, असं वाटलं म्हणून गप्प बसले, ते चुकलं माझं. आता तिनं सही केली म्हणे. तिची सही खोटी आहे. आठ वाजता फाटकाशी येते. फाटक उघडं ठेवा.'"

वेडी आहे का ही यल्दा? त्या बाळाला आता कोण पाजणार?

"खोटं आहे ते!" ती ओरडली. "मीच लिहायचे. सही आहे माझी!"

"असू दे. ती आली आठाच्या ठोक्याला. एकटी. रांगेतल्या आयांना सांगत बसली होती, आज मी आत चाललेय म्हणून."

दार उघडलं. पावलं आली, सावकाश, जरा ओढल्यासारखी. शेजारी खुर्ची सरकली. कागद खुर्चीच्या फळीवर पडल्याचा आवाज झाला.

माहनूशनं मान खाली घातली. पट्टीच्या फटीतून टीचभर फरशी दिसत होती. तिच्यावर काळे रबरी बूट, भातशेतात घालतात तसले, कडांना वाळलेला चिखल.

"हाजी आगा, प्रश्न जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या," मामान म्हणाली. "चष्मा तुमच्या लोकांनी फाटकावरच काढून घेतला."