पाठराखण

नवरा गेल्यावर सरकारनं भरपाई म्हणून कुंताच्या नावानं बँकेत ठेव टाकली होती. तिच्याच व्याजावर घर चालायचं आणि पोरीचं, आचलचं, कॉलेजही. मुदत संपून ठेव नव्यानं टाकली, तर व्याज बरंच उतरलं. कुंता ब्रह्मपुरीच्या बँकेत गेली.

"काऊन कमी आलं, भाऊ?"

"बाई, कोरोनानं धंदे बसले ना. लोकायनं स्वस्तात कर्ज काढावं, धंदे पुन्हा उभे करावे, म्हनून रिझर्व्ह बँकेनं दर उतरवले. मंग ठेवीचंबी व्याज कमी होते."

"पन मी त कर्ज मांगतलंच नाई."

कारकुनानं मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुंतानं कधीची आढ्याला टांगलेली टोपली काढली आणि आचलला घेऊन जंगलात गेली. झाडाखाली मोहफुलांचा सडा पडला होता. आचल वेचायला वाकली, तशी कुंतानं तिचा दंड धरला.

"तू नोको वाकू. काठी घेऊन माह्या पाठीमागं उभी राह्य अन् चारी बाजूनं पाह्यत राह्य. तुह्या बाबाले वाघानं नेलं, तवा त्याच्या मागं कोनी नोहतं."